संवेदन आणि अवधानाचे प्रयोग संगणकावर बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मानसशास्त्राचे विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यासाठी, तसंच माणसाचं लक्ष कसं चालतं हे मोजून पाहायची इच्छा असलेल्या प्रोग्रामिंगच्या नवशिक्यांसाठी. सूचना प्रामुख्याने सायकोपाय आणि जेएससाइक या दोन मोफत साधनांना धरून आहेत.

मला प्रोग्रामिंग येत नाही. आधी पायथन शिकायला हवं का?

नको. आधी एक ट्रायल कागदावर लिहून काढा. ट्रायल म्हणजे सहभागीला एकदा काही दाखवणं आणि त्यावर एकदा उत्तर घेणं. उदाहरणार्थ: पडद्याच्या मध्यावर अधिकचं चिन्ह ५०० मिलिसेकंद, मग त्याच जागी रंगीत शब्द, कळ दाबेपर्यंत किंवा जास्तीत जास्त २००० मिलिसेकंद, मग ५०० मिलिसेकंद कोरा करडा पडदा. नोंद काय ठेवायची: शब्द, शाईचा रंग, दाबलेली कळ, बरोबर की चूक, लागलेला वेळ.

लोक अडतात ते बहुतेक याच टप्प्यावर. ‘शब्द थोडा वेळ दाखवायचा’ एवढंच मनात असतं आणि तो थोडा वेळ म्हणजे नेमका किती, हे ठरलेलंच नसतं. ट्रायल कागदावर स्पष्ट उतरली, की ती सायकोपायच्या बिल्डरमध्ये माऊसने मांडता येते. कोड लिहायचाच झाला तर सुरुवातीला चार गोष्टी पुरतात: चल, यादी, लूप आणि ‘जर-तर’. त्या एखाद्या खऱ्या प्रयोगाच्या निमित्ताने शिकल्या तर पक्क्या बसतात.

कोणतं साधन निवडावं?

प्रयोगशाळेतल्या एकाच संगणकावर प्रयोग घ्यायचा असेल तर सायकोपाय. नॉटिंगहॅम विद्यापीठात जोनाथन पीर्स यांनी ते सुरू केलं. ते पायथनवर चालतं, मोफत आहे आणि त्याचा कोड सर्वांना खुला आहे. सहभागी आपापल्या घरून ब्राउझरमध्ये प्रयोग करणार असतील तर जेएससाइक. त्यासाठी जावास्क्रिप्टची तोंडओळख हवी. ओपनसेसमी हाही माऊसने प्रयोग मांडायचा चांगला पर्याय आहे. सायकटूलबॉक्स मॅटलॅब किंवा ऑक्टेव्हवर चालतं. दृष्टीवरच्या अतिशय काटेकोर संशोधनात ते मुरलेलं आहे, पण पहिल्या प्रयोगासाठी त्याची गरज नाही.

जे घ्याल त्याची आवृत्ती वहीत लिहून ठेवा आणि अभ्यास पूर्ण होईपर्यंत ती बदलू नका. अर्धे सहभागी झाल्यावर अपडेट घेतलं आणि वेळेची नोंद करायची आतली पद्धत बदललेली असली, तर आधीचा आणि नंतरचा डेटा एकत्र करता येत नाही.

पहिला प्रयोग कोणता करावा?

म्यूलर-लायर भ्रम. यात सारख्याच लांबीच्या दोन रेषा टोकांच्या पंखांमुळे लहान-मोठ्या भासतात. १८८९ मध्ये मांडलेला हा भ्रम अनेकांनी सरकत्या पट्टीच्या साधनावर प्रात्यक्षिकात केलेला असतो, त्यामुळे काय अपेक्षित आहे हे ठाऊक असतं. दुसरं कारण महत्त्वाचं आहे: यात वेळ मोजायची नसते, त्यामुळे मिलिसेकंदांच्या चुका आड येत नाहीत आणि सगळं लक्ष रेषा काढणं, कळा वाचणं आणि नोंद ठेवणं यावर देता येतं.

पडद्यावर दोन आडव्या रेषा काढा. एक ठरावीक २०० पिक्सेलची, टोकं बाणासारखी आत वळलेली. दुसरीची टोकं पिसांसारखी बाहेर फाकलेली आणि लांबी बदलती. टोकांचे पंख ४० पिक्सेलचे, कोन ४५ अंशांचा. वरच्या बाणकळीने बदलती रेषा २ पिक्सेल वाढते, खालच्या बाणकळीने २ पिक्सेल घटते आणि स्पेसबार दाबला की उत्तर नक्की होतं. एकूण १६ ट्रायल: ८ मध्ये बदलती रेषा १४० ते १७० पिक्सेलपासून सुरू होते, ८ मध्ये २३० ते २६० पासून. प्रत्येक आठांपैकी चारदा ती डावीकडे, चारदा उजवीकडे.

सुरुवातीची लांबी प्रत्येक वेळी वेगळी हवीच. ती कायम एकच ठेवली तर सहभागी ‘मागच्या वेळी अकरा वेळा दाबलं होतं’ असं मोजू लागतो आणि डोळ्यांचं काम बोटांकडे जातं. बाहेर फाकलेली रेषा लांब भासत असल्यामुळे बहुतेक लोक ती २०० पेक्षा कमी लांबीवरच थांबवतात. २०० मधून सरासरी उत्तर वजा केलं की भ्रमाचं माप पिक्सेलमध्ये मिळतं. शेवटी पंख नसलेल्या साध्या रेषांच्या आठ ट्रायल ठेवा. तिथेही मोठा फरक आला तर दोष रेषा काढण्याच्या कोडमध्ये शोधा.

स्ट्रूपचा प्रयोग मराठी शब्दांनी बसवायचा आहे. इंग्रजीतला तसाच उतरवला तर चालेल का?

रचना तीच ठेवा, शब्द मात्र विचार करून निवडा. या प्रयोगात रंगाचं नाव रंगीत शाईत दाखवतात आणि शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा असतो. शब्द आणि शाई जुळत नसली की उत्तराला जास्त वेळ लागतो. हाच स्ट्रूपचा परिणाम. जे. रिडली स्ट्रूप यांनी १९३५ मध्ये छापील तक्ते वापरले आणि पूर्ण तक्ता संपवायला लागलेला वेळ मोजला. संगणकावर आपण शब्दागणिक वेळ मोजतो.

‘लाल’, ‘निळा’, ‘हिरवा’, ‘पिवळा’ हे चार शब्द चांगले बसतात. एकाही शब्दात जोडाक्षर नाही, लांबी दोन-तीन अक्षरांची आणि सगळे रोजच्या वापरातले. ‘लाल’ लिंगाप्रमाणे बदलत नाही, बाकीचे तीन बदलतात, म्हणून सगळीकडे एकच रूप ठेवा. एका फाइलीत ‘निळा’ आणि दुसरीत ‘निळं’ असं नको. ‘जांभळा’ आणि ‘नारंगी’ टाळलेले बरे. या छटांच्या सीमा प्रत्येकाच्या मनात थोड्या वेगळ्या असतात आणि स्वस्त पडद्यावर नारंगी-लाल यांची गल्लत होते. पिवळा रंग पांढऱ्या पार्श्वभूमीवर वाचता येत नाही, म्हणून पार्श्वभूमी गडद करडी घ्या.

आता गणित. चार शब्द गुणिले चार रंग म्हणजे १६ जोड्या. त्यातल्या ४ जुळणाऱ्या, १२ न जुळणाऱ्या. सगळ्या एकेकदा दाखवल्या तर जुळणाऱ्यांचं प्रमाण फक्त २५ टक्के राहतं. सहभागीला लवकरच उमगतं की शब्दाकडे लक्ष देण्यात फायदा नाही, आणि परिणाम आक्रसतो. म्हणून जुळणारी प्रत्येक जोडी तीनदा घ्या: १२ अधिक १२, असा २४ ट्रायलचा गट होतो. असे चार गट म्हणजे ९६ ट्रायल, दर ट्रायलला अडीच सेकंद धरले तर जेमतेम चार मिनिटं. गटांमध्ये थोडी विश्रांती द्या.

चार रंगांसाठी चार कळा लक्षात राहायला वेळ लागतो. खऱ्या ट्रायलआधी निदान २४ सरावाच्या द्या. त्यात शब्दांऐवजी रंगीत चौकोन दाखवा आणि ‘बरोबर’, ‘चूक’ हेही सांगा. कळांवर रंगीत कागदाचे ठिपके चिकटवले तर सहभागी पडद्यावरून नजर हलवून खाली पाहतो. बोटं कळांवरच ठेवायला सांगणं जास्त चांगलं. कळ दाबून येणारा परिणाम तोंडी उत्तरातल्यापेक्षा लहान असतो, तेव्हा आकडा लहान दिसला म्हणून लगेच चूक शोधायला जाऊ नका.

मी ८० मिलिसेकंद लिहिले, पण चित्र नक्की तेवढाच वेळ दिसतं का?

बहुधा नाही, आणि या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे.

पडदा ठरावीक ठेक्यात नव्याने रंगवला जातो. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक फ्रेम १६.६७ मिलिसेकंदांची. चित्र एक फ्रेम दिसेल, दोन दिसेल, तीन दिसेल. अडीच फ्रेम दिसू शकत नाही. ५० मिलिसेकंद म्हणजे बरोबर ३ फ्रेम, १०० म्हणजे ६, २०० म्हणजे १२. पण ८० मिलिसेकंद म्हणजे ४.८ फ्रेम. पडदा ते ४ करेल किंवा ५, म्हणजे ६६.७ किंवा ८३.३. बदल-अंधत्व म्हणजे चित्रांच्या मध्ये कोरा पडदा आला की त्यांतला मोठा बदलही लक्षात न येणं. त्याच्या १९९७ मधल्या प्रसिद्ध प्रयोगात रेन्सिंक, ओरेगन आणि क्लार्क यांनी चित्र २४० मिलिसेकंद आणि मधला कोरा पडदा ८० मिलिसेकंद ठेवला होता. तेच आकडे ६० हर्ट्झच्या लॅपटॉपवर टाकले तर दोन्ही बसत नाहीत. अशा वेळी १४ आणि ५ फ्रेम घ्या आणि अहवालात २३३ आणि ८३ मिलिसेकंद असं खरं माप लिहा. १४४ हर्ट्झच्या पडद्यावर फ्रेम ६.९४ मिलिसेकंदांची असल्याने निवडीला जास्त वाव मिळतो.

म्हणून २०० मिलिसेकंदांहून कमी काळ दाखवायच्या गोष्टींचा काळ बिल्डरमध्ये सेकंदांऐवजी फ्रेममध्ये भरा. कोडमध्ये ‘थांब’ ही आज्ञा वापरून वेळ काढू नका. लूप घालून दर फ्रेमला चित्र काढा आणि फ्लिप करा. फ्लिप म्हणजे मागे तयार ठेवलेलं चित्र पुढच्या ठेक्याला पडद्यावर आणणं. घड्याळही त्याच क्षणी शून्यावर यायला हवं. सायकोपायमध्ये त्यासाठी ‘कॉल ऑन फ्लिप’ आहे. चित्र काढायची आज्ञा दिल्यावर लगेच घड्याळ सुरू केलं, तर प्रत्येक ट्रायलमध्ये शून्य ते एक फ्रेमएवढी अनियमित चूक मिसळते.

फ्रेम गळतात म्हणजे काय होतं आणि ते कसं कळतं?

संगणकाला पुढचं चित्र वेळेत तयार करता आलं नाही, तर जुनंच चित्र आणखी एक फ्रेम राहतं. सहभागीला ते कळत नाही, तुम्हालाही कळत नाही, आणि ५० चे ६७ होतात. सायकोपायमध्ये फ्रेममधल्या अंतरांची नोंद चालू करा आणि शेवटी गळलेल्या फ्रेमची संख्या फाइलीत लिहून घ्या.

नेहमीची कारणं: प्रयोग खिडकीत चालू आहे, पूर्ण पडद्यावर नाही, दुसरा मॉनिटर जोडलेला आहे, लॅपटॉप बॅटरी वाचवण्याच्या मोडवर आहे, मागे ब्राउझर, क्लाउड सिंक किंवा अँटिव्हायरसची तपासणी चालू आहे, किंवा चार हजार पिक्सेल रुंदीचा फोटो प्रत्येक ट्रायलमध्ये नव्याने डिस्कवरून वाचला जातोय. शेवटचं कारण फार आढळतं. फोटो जेवढा दाखवायचा तेवढ्याच मापाचा करून ठेवा आणि प्रयोग सुरू व्हायच्या आधीच सगळे स्मृतीत घ्या.

कीबोर्डवर मिळालेला प्रतिक्रिया काल किती विश्वासार्ह असतो?

साध्या यूएसबी कीबोर्डची विचारपूस संगणक सहसा दर ८ मिलिसेकंदांनी करतो. त्यात कीबोर्डच्या आतल्या सर्किटचा वेळ मिळवला की एकूण उशीर काही दशक मिलिसेकंदांपर्यंत जातो. एकाच माणसाच्या, एकाच कीबोर्डवरच्या दोन अटींची (उदाहरणार्थ जुळणारे आणि न जुळणारे शब्द) तुलना करताना यातला कायमचा भाग वजाबाकीत निघून जातो आणि अनियमित भाग ट्रायलच्या संख्येमुळे निवतो. पण ‘आमच्या महाविद्यालयातले विद्यार्थी तुमच्यापेक्षा २० मिलिसेकंदांनी चपळ’ असं वेगवेगळ्या संगणकांवरून म्हणता येत नाही. ब्लूटूथ कीबोर्ड टाळा.

पडद्याचाही एक गुण लक्षात ठेवा: तो वरून खाली रंगवला जातो. खालच्या कडेजवळचं चित्र वरच्यापेक्षा जवळजवळ एक फ्रेम उशिरा उमटतं. वर-खाली जागांची तुलना असेल तर हा फरक निष्कर्षात शिरतो.

देवनागरी अक्षरं विस्कटलेली का दिसतात?

देवनागरीत अक्षरं नुसती एकापुढे एक ठेवून चालत नाही. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी जाते, जोडाक्षरं एकत्र होतात, रफार वर चढतो. हे जुळवणीचं काम प्रत्येक प्रणाली करत नाही. सायकोपायच्या मजकूर-घटकांत, विशेषतः टेक्स्टबॉक्समध्ये, ‘प्रश्न’ किंवा ‘दृष्टी’ हे शब्द तुटक दिसू शकतात.

खात्रीचा उपाय म्हणजे प्रत्येक शब्दाचं पारदर्शक पार्श्वभूमीचं पीएनजी चित्र करून तेच दाखवणं. सगळे शब्द एकाच फॉन्टमध्ये, एकाच आकारात आणि एकाच उंचीच्या चौकटीत घ्या. नाहीतर वेलांटी असलेला शब्द मध्यावरून किंचित खाली सरकतो. शब्द पांढऱ्या रंगात काढले तर एकच चित्र सायकोपायमध्ये हव्या त्या रंगात रंगवता येतं. स्ट्रूपला १६ ऐवजी ४ चित्रं पुरतात. जेएससाइकमध्ये ही अडचण सहसा येत नाही, कारण जुळवणी ब्राउझर करतो. सूचनांचं पानही चित्र म्हणूनच द्या.

कळ दाबली तरी नोंद होत नाही. काय चुकलं?

मराठी टाइप करणाऱ्यांच्या संगणकावर पहिला संशय कीबोर्डच्या भाषेवर घ्या. इनस्क्रिप्ट चालू असेल तर रोमन ‘एफ’च्या कळीवरून ऱ्हस्व वेलांटी येते आणि ‘जे’च्या कळीवरून ‘र’. ब्राउझरमधला प्रयोग ‘एफ’ची वाट पाहत बसतो आणि ती कधीच येत नाही. प्रयोगाआधी भाषा इंग्रजी करा आणि कॅप्स लॉक बंद ठेवा. उजवीकडच्या अंकपट्टीवरचा १ आणि वरच्या ओळीतला १ या वेगळ्या कळा मानल्या जातात, हेही तपासा.

ट्रायलचा क्रम रँडम ठेवला, तरी सलग पाच एकसारख्या का आल्या?

रँडम क्रमात असे पट्टे येतातच. बिल्डरच्या लूपमध्ये ‘रँडम’ निवडलं तर यादीची प्रत्येक फेरी वेगळी पिसली जाते. ‘फुल रँडम’ निवडलं तर सगळ्या फेऱ्या एकत्र करून पिसल्या जातात. पहिला पर्याय बहुतेक वेळा बरा, कारण प्रत्येक अट प्रयोगभर सारखी पसरते. सलग तीनपेक्षा जास्त एकसारख्या नकोतच असतील तर यादी पिसा, तपासा आणि नियम मोडला असेल तर पुन्हा पिसा.

फासे टाकल्यासारखी प्रत्येक ट्रायलला अट निवडू नका. तसं केलं तर ९६ पैकी एका अटीला ४१ आणि दुसरीला ५५ असं होऊ शकतं. आधी पूर्ण यादी बनवायची, मग ती पिसायची.

आकार ‘अंशात’ का सांगतात?

डोळ्यातल्या प्रतिमेचा आकार वस्तू किती मोठी आणि किती दूर या दोन्हींवर ठरतो. दृश्यकोनात दोन्ही येतात. सोपी खूण: ५७ सेंटिमीटरवरून पाहिलं तर पडद्यावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जवळपास १ अंश. तेवढ्या लांबीची सुतळी मॉनिटरच्या कडेला बांधा आणि प्रत्येक सहभागीच्या डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत ताणून अंतर तपासा. हनुवटीचा आधार नसला तरी एवढ्याने बरंच साधतं.

१५.६ इंची लॅपटॉपचा पडदा साधारण ३४.५ सेंटिमीटर रुंद असतो. आडवे १९२० पिक्सेल असतील तर एका सेंटिमीटरमध्ये सुमारे ५६. तोच सहभागी पुढे झुकून ४० सेंटिमीटरवर आला तर १ सेंटिमीटरचे जवळपास १.४ अंश होतात. सायकोपायच्या मॉनिटर सेंटरमध्ये रुंदी, अंतर आणि पिक्सेल भरले की पुढे सगळं थेट अंशांत लिहिता येतं. रुंदी पट्टीने मोजा. खोक्यावरचे इंच कर्णाचे असतात. विंडोजमधलं १२५ किंवा १५० टक्के स्केलिंग १०० वर आणा, नाहीतर आकार बिघडतात. घरून भाग घेणाऱ्यांना एटीएम कार्ड पडद्यावर धरून चौकोन तेवढा करायला सांगता येतं. कार्डाची रुंदी सगळीकडे ८५.६ मिलिमीटर असते.

पोझ्नरच्या खुणेच्या प्रयोगात आकडे काय ठेवावेत?

खुणेमुळे लक्ष एका बाजूला वळतं का, हे हा प्रयोग पाहतो. मध्यावर अधिकचं चिन्ह, दोन्ही बाजूंना ७ अंशांवर रिकामे चौकोन. एक चौकोन ५० मिलिसेकंद उजळतो, मग थोड्या अंतराने एका चौकोनात ठिपका येतो. ठिपका दिसला की स्पेसबार. खुणेचा अंदाज देण्यातला उपयोग तपासायचा असेल तर ८० टक्के वेळा ठिपका खुणेच्याच बाजूला, २० टक्के वेळा विरुद्ध.

खूण आणि ठिपका यांच्यातलं अंतर हा या प्रयोगाचा प्राण आहे. डोळा वळवायला सुमारे २०० मिलिसेकंद लागतात. अंतर १५० ठेवलं तर नजर हलायच्या आतच ठिपका येतो आणि जे मोजलं जातं ते अवधान असतं, डोळ्यांची हालचाल नव्हे. कडेला उजळणारी पण बाजूचा अंदाज न देणारी खूण वापरून अंतर ३०० च्या पुढे नेलं, तर खुणेच्या बाजूचं उत्तर उलट मंदावतं. पोझ्नर आणि कोहेन यांनी हे १९८४ मध्ये मांडलं. हाच उलटफेर पाहायचा असेल तर १०० आणि ८०० अशी दोन अंतरं ठेवा आणि खूण ५०-५० करा.

एकच कळ असलेल्या प्रयोगात ठिपकाच न येणाऱ्या १० ते २० टक्के ट्रायल मिसळा. त्या नसल्या तर सहभागी ठेका धरून आधीच कळ दाबतो. सुरुवातीचं अधिकचं चिन्हही ४०० ते ८०० मिलिसेकंदांत बदलतं ठेवा.

दृश्य-शोधात आकृत्या एकमेकींवर चढतात. काय करावं?

दृश्य-शोध म्हणजे अनेक आकृत्यांतून एक ठरावीक आकृती आहे की नाही हे शोधणं. त्यात रँडम जागा थेट निवडू नका. पडद्यावर ६ गुणिले ६ घरांची अदृश्य जाळी कल्पा, ३६ घरांची यादी पिसा, हव्या तेवढ्या पहिल्या जागा घ्या आणि प्रत्येक आकृती घराच्या मध्यावरून किंचित इकडेतिकडे हलवा. आकृत्यांची संख्या ४, ८ आणि १६ ठेवा. निम्म्या ट्रायलमध्ये शोधायची आकृती असते, निम्म्यांत नसते.

तांबड्यांमधली एकच हिरवी रेघ शोधताना संख्या वाढली तरी वेळ फारसा वाढत नाही. उभ्या हिरव्या आणि आडव्या तांबड्या रेघांतून आडवी हिरवी शोधायची असेल, तर दर आकृतीमागे काही मिलिसेकंदांची भर पडत जाते. या भरीलाच चढ म्हणतात. ॲन ट्रीसमन आणि गॅरी जेलाड यांचा १९८० चा सिद्धांत याच फरकावर उभा आहे. शोधायची आकृती नसते तेव्हाचा चढ साधारण दुप्पट येतो. दोन्ही रंगांच्या आकृत्या जवळपास निम्म्या-निम्म्या हव्यात. तीनच हिरव्या आणि तेरा तांबड्या ठेवल्या तर लोक फक्त हिरव्यांवर नजर फिरवतात आणि चढ नाहीसा होतो.

मी लाल रंग २५५, ०, ० असा दिला, पण रंग भलताच आला.

सायकोपायचा मूळ मापदंड उणे १ ते १ आहे: काळा उणे १, मधला करडा ०, पांढरा १. २५५ चं माप वापरायचं तर रंगपद्धत तशी सांगावी लागते. आणि मधला करडा म्हणजे निम्मा प्रकाश नव्हे. पडद्याचा गॅमा, म्हणजे दिलेला आकडा आणि पडणारा प्रकाश यांचं नातं सांगणारा घातांक, २.२ च्या आसपास असल्याने निम्म्या आकड्याला जास्तीत जास्त प्रकाशाच्या सुमारे २२ टक्केच मिळतात. स्ट्रूपला याने फरक पडत नाही. अंधूक चेतक (म्हणजे सहभागीला दाखवायची गोष्ट) दिसण्याची सीमा शोधत असाल तर प्रकाशमापकाशिवाय पुढे जाऊ नका.

लुकलुकणारे प्रयोग धोक्याचे असतात का?

काही लोकांसाठी, होय. सेकंदाला तीनपेक्षा जास्त झगझगीत उघडझाप टाळावी, असा वेबसाइटसाठीचा सुगम्यतेचा निकष आहे. बदल-अंधत्वाचा प्रयोग याच सीमेवर चालतो. मधला पडदा पांढरा किंवा काळा न ठेवता करडा ठेवा, संमतिपत्रात लुकलुकण्याचा स्पष्ट उल्लेख करा आणि अपस्माराचा त्रास असणाऱ्यांना सहभागी करू नका. एस्केप दाबून प्रयोग कधीही थांबवता येतो, हेही आधी सांगा.

संमती कशी घ्यावी?

लेखी, समजेल अशा मराठीत आणि प्रयोगाआधी. किती वेळ लागेल, काय करावं लागेल, मध्येच सोडता येईल, नोंदी कुठे राहतील, एवढं त्यात हवं. १८ वर्षांखालील विद्यार्थी असतील तर पालकांचीही संमती घ्या. डेटा फाइलीत नाव न घालता क्रमांक घाला आणि नाव-क्रमांकाचा कागद वेगळा ठेवा. संस्थेची नीतिसमिती असेल तर तिची मंजुरी आधी लागते.

मोबाइलवर चालेल का?

सर्वेक्षण चालेल. प्रतिक्रिया काळाचा प्रयोग शक्यतो नको: पडदे लहान-मोठे, बोट पडद्यावरच चित्र झाकतं आणि मध्येच फोन येतो. ब्राउझरमधला प्रयोग संगणकापुरता मर्यादित ठेवा, पूर्ण पडद्यावर चालवा आणि सहभागी दुसऱ्या टॅबवर गेला तर त्याची नोंद घ्या, कारण मागे पडलेल्या टॅबची घड्याळं ब्राउझर मंदावतो.

डेटा फाइलीत नेमकं काय साठवावं?

एका ट्रायलला एक ओळ. सहभागी क्रमांक, ट्रायल क्रमांक, गट, अट, चेतक, अपेक्षित कळ, दाबलेली कळ, बरोबर का, प्रतिक्रिया काल. शिवाय पडद्याचा मोजलेला रिफ्रेश दर आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती. सरासरी काढून फक्त तीच साठवू नका; कच्च्या ओळी हरवल्या की चूक शोधायचा मार्गच उरत नाही. स्तंभांची आणि फाइलींची नावं रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता द्या. एक्सेलमध्ये देवनागरीऐवजी भलतीच चिन्हं दिसली तर डेटा गेलेला नसतो. फाइल ‘टेक्स्टमधून आयात’ करून यूटीएफ-८ निवडा.

विश्लेषणात सर्वाधिक कोणती चूक होते?

२० सहभागी गुणिले ९६ ट्रायल म्हणजे १९२० स्वतंत्र निरीक्षणं, असं धरून साधी टी-चाचणी लावणं. एकाच माणसाच्या ट्रायल स्वतंत्र नसतात. प्रत्येक सहभागीचा प्रत्येक अटीतला, फक्त बरोबर उत्तरांचा मध्यक काढा आणि मग जोडीची टी-चाचणी लावा. १५० मिलिसेकंदांच्या आतली उत्तरं अंदाजाने दाबलेली समजून गाळा. वरची मर्यादा किती आणि किती चुका असलेला सहभागी वगळायचा, हे डेटा उघडायच्या आधी लिहून ठेवा. वर्गातल्या प्रात्यक्षिकात स्ट्रूपचा परिणाम १५-२० जणांतही स्पष्ट दिसतो. संशोधनासाठी सहभागींची संख्या सांख्यिकीय शक्तीच्या गणिताने ठरवा.

सगळं चालतंय, पण परिणामच येत नाही. कुठे पाहू?

सरासरी वेळ अपेक्षेपेक्षा बरोबर ५०० मिलिसेकंदांनी जास्त असेल, तर कीबोर्डचा घटक अधिकच्या चिन्हासोबतच सुरू होतोय. त्याची सुरुवात शब्दाच्या सुरुवातीला जुळवा. प्रत्येक ट्रायलमध्ये तोच शब्द येत असेल, तर त्या रकान्यात ‘कॉन्स्टंट’ राहिलंय. तिथे ‘सेट एव्हरी रिपीट’ हवं आणि स्तंभाच्या नावाआधी डॉलरचं चिन्ह. काही ट्रायल डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच संपत असतील, तर मागच्या ट्रायलमधली कळ पुढे वाहून येतेय. आधी दाबलेल्या कळा टाकून देण्याचा पर्याय चालू करा. अचूकता शून्याच्या आसपास असेल, तर अपेक्षित उत्तराच्या स्तंभात कळेच्या नावाऐवजी दुसराच काही मजकूर आहे किंवा कळेच्या नावामागे मोकळी जागा राहिली आहे. न जुळणाऱ्या जोड्यांत सगळीच उत्तरं चूक आणि जुळणाऱ्यांत सगळी बरोबर दिसत असतील, तर तो स्तंभ शब्दावरून भरला गेलाय.

यातलं काहीच नसेल तर स्वतः दहा ट्रायल मुद्दाम चुकीच्या द्या, प्रत्येक कळ कागदावर लिहा आणि फाइलीतल्या ओळींशी एकेक ताडून पाहा. दोष ज्या ओळीपासून सुरू होतो, तिच्या आधीच्या ट्रायलचं कोड वाचा.